लालाखालचा काळा : जुन्या मोटारीचा मूळ रंग कसा पारखावा?



या पानावर आम्ही बहुधा कापड, उधारी आणि हिशेब यांविषयी लिहितो. या खेपेस विषय मोटारीच्या रंगाचा आहे. कापडवाल्याने मोटारीत नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. कारण असे की आमच्या भाच्याचे अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डेंटिंग-पेंटिंगचे गाळे आहे, आणि रंगाच्या शेडवरून भांडणात आमचा जन्म गेला आहे. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात आपले कितीतरी बांधव याच कामावर पोट भरतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दलालाने भाच्याकडे एक जुनी एमजीए गाडी आणली. ही इंग्लंडची दोन आसनी स्पोर्ट्स कार १९५५ ते १९६२ या काळात तयार झाली. गाडी वरून लालबुंद. दलालाचे म्हणणे इतकेच, की दोन-चार ठिकाणी रंग उडाला आहे तो मिळवून द्या, आणि बिलावर ‘फॅक्टरीचा मूळ लाल रंग, फक्त टचिंग केले’ असे लिहून द्या. गिऱ्हाईक पुण्याचे होते. त्या एका ओळीसाठी मजुरीच्या दुप्पट रक्कम देण्याची त्याची तयारी होती. भाच्याच्या अंगावर त्या वेळी कंप्रेसरचे हप्ते होते. तो संध्याकाळी दुकानावर आला आणि म्हणाला, “मामू, लिहून दिले तर कोणाचे काय जाते? एमजीए लाल रंगात येतच होती.”

येत होती हे खरे. कंपनीच्या रंगांत ओरिएंट रेड हा एक रंग होताच. पण लाल रंगाच्या गाड्या येत होत्या, यावरून ही गाडी लाल आली होती असे ठरत नाही. आम्ही त्याला म्हटले, आधी बघू तरी.

पहिली गोष्ट उजेडाची. उल्हासनगरच्या गजानन मार्केटात जुने गिऱ्हाईक साडी घेऊन दुकानाच्या दारात का जाते? ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात. दोन्ही रंगांतली रसायने वेगळी असली की एका उजेडात ते सारखे भासतात आणि दुसऱ्यात फुटतात. ब्लाउजपीस जुळवताना आपण रोज हे पाहतो. मोटारीचेही तसेच. आम्ही गाडी शेडबाहेर काढायला लावली. ट्यूबखाली एकजीव दिसणारा लाल रंग सकाळी दहाच्या उन्हात तीन प्रकारचा दिसला. डाव्या मडगार्डचा लाल नारिंगीकडे झुकलेला, डिकीचा किरमिजीकडे. लाल रंग सलग पाहिला की डोळा मरतो, म्हणून मधून मधून पांढऱ्या कापडाकडे पाहावे आणि पॅनेलच्या भोवतीही पांढरे कापड धरावे. उन्हाने विटलेला भाग आधी हलक्या हाताने कंपाउंड मारून साफ करावा, नाहीतर आपण रंगाऐवजी त्यावरची भुकटीच पारखतो.

तीन प्रकारचा लाल म्हणजे तीन वेळा काम झालेले. एवढ्यावरून मूळ रंग कळत नाही, पण ‘फक्त टचिंग’ ही गोष्ट तिथेच संपली.

मग भाच्याने चुंबक आणले. चुंबकाला पातळ रुमाल गुंडाळून पत्र्यावर फिरवायचे. जिथे पकड सैल होते तिथे खाली लांबी म्हणजे पुट्टी भरलेली असते. दारावर चुंबक धरलेच नाही, तेव्हा कारागीर पोरगा ओरडला, “पूर्ण दार पुट्टीचे आहे!” तसे नव्हते. एमजीएच्या दारांचा बाहेरचा पत्रा, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे असते. गोव्यात १९९८ च्या सुमारास निघालेली सॅन स्टॉर्म तर फायबरचीच, तिच्यावर चुंबक कुठेच धरणार नाही. गाडी कशाची बनली आहे हे ठाऊक नसताना हत्यार चालवले तर हत्यारही खोटी साक्ष देते. जाडी मोजणारे मीटरही आता बरेच जण ठेवतात. फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, ३०० च्या वर गेला की पुन्हा मारलेला समजावे, आणि हजाराच्या वर गेला की खाली पुट्टी. मात्र साधे मीटर लोखंडावरच चालते. ॲल्युमिनियमसाठी दोन्ही धातूंवर चालणारे घ्यावे लागते.

आता खरी परीक्षा. फॅक्टरीत बॉडी आधी रंगते, मग तिच्यावर रबर, काच, गादी, मीटर चढते. नंतर रंगवणारा माणूस सगळे उघडत नाही. तो कागद चिकटवतो आणि फवारा मारतो. म्हणून मूळ रंग सापडतो तो जिथे नंतरचा हात पोचला नाही तिथे : दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, बीडिंगच्या रबराखाली, डिकीच्या गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या मागे. एमजीए १५०० च्या उघड्या गाडीत डॅशबोर्ड बॉडीच्याच रंगाचा असतो. भाच्याने स्पीडोमीटर काढला. भोकाच्या कडेला आणि मागच्या बाजूला काळा रंग होता. दाराच्या पुठ्ठ्यामागेही काळाच. त्या काळ्यावर लाल फवाऱ्याचे कण उडालेले, काळ्याचे कण लालवर कुठेच नाहीत. वर कोणता रंग आहे आणि खाली कोणता, हे अशा कणांवरून कळते.

इथे एक सावधगिरी. चेसीसवर काळा रंग दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. या गाडीचा चेसीस बॉडी कोणत्याही रंगाची असली तरी काळाच असे. साक्ष बॉडीच्या पत्र्याची घ्यावी.

त्यानंतर आम्ही डिकीच्या आत, झाकणाच्या खालच्या ओठाजवळ, एका रुपयाएवढ्या जागेत पाणकागदाने घासायला लावले. आधी हजार नंबर, मग पंधराशे, पाणी भरपूर आणि हात गोल. घासता घासता थर कडेकडेने उघडत जातात आणि झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. बाहेरून आत मोजले : लाल, करडा सरफेसर, क्रीम, पुन्हा लाल, मग काळा, त्याखाली प्रायमर आणि मग पत्रा. काळ्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये प्रायमरशिवाय दुसरा रंग नव्हता. हीच खूण महत्त्वाची. अशी दोन-तीन ठिकाणे उघडावीत, कारण डिकीचे झाकण दुसऱ्या गाडीचे असू शकते. कोरडे घासू नये. जुन्या रंगात शिसे असते, ती धूळ छातीत जाते, आणि कपड्यांवरून घरच्या लेकरांपर्यंत पोचते.

थिनरची परीक्षाही केली. पांढऱ्या सुती चिंधीला थिनर लावून वरच्या लालवर दाबली. चिंधी पांढरीच राहिली. डॅशबोर्डामागच्या काळ्यावर दाबली तर काळी झाली. याचा अर्थ असा : त्या काळी या गाड्या सेल्युलोज रंगात, म्हणजे आपण ज्याला ड्युको म्हणतो त्या जातीच्या रंगात रंगत. तो वाळला तरी थिनरने पुन्हा विरघळतो. वरचा लाल मात्र हार्डनर घालून मारलेला टू-पॅक निघाला. तो वाळल्यावर विरघळत नाही, आणि गाड्यांच्या दुकानांत तो सर्रास आला १९८० नंतर. १९५६-५७ च्या गाडीवर फॅक्टरीने तो मारणे शक्यच नव्हते. ही परीक्षा सरसकट लावू नये. भट्टीत भाजलेला एनॅमल जुना असूनही थिनरला दाद देत नाही, आणि पुष्कळ गाड्या फॅक्टरीत एनॅमलनेच रंगत. थिनर आगीचे घर आहे, बिडी ओढत हे काम होत नाही. टू-पॅकच्या हार्डनरची वाफ तर फुप्फुसे खाते. तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही, त्यासाठी योग्य मास्कच हवा.

शेवटी कागद. एमजीए १५०० च्या इंजिनखोलीत नंबरची पाटी असते. या गाडीचा नंबर एचडीए २३ ने सुरू होत होता. पहिली दोन अक्षरे मॉडेल आणि उघड्या दोन आसनी बॉडीची. तिसरे अक्षर रंगाचे : ‘ए’ म्हणजे काळा. लाल असती तर तिथे ‘के’ असता. पुढचा २ म्हणजे परदेशी धाडलेली उजव्या स्टेअरिंगची गाडी, आणि ३ म्हणजे सेल्युलोज रंग. एवढी स्पष्ट कबुली पाटीवर छापलेली असताना दलालाने ती वाचली नव्हती, की वाचून गप्प बसला होता, हे अल्लाहच जाणे. पाटी स्क्रूने बसवलेली असते आणि नव्या पाट्याही बाजारात मिळतात, म्हणून एकट्या पाटीवर विसंबू नये. इंग्लंडमध्ये गेडन येथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. तिथे कारखान्याच्या जुन्या वह्या जपलेल्या आहेत, आणि शुल्क भरले की गाडीचा मूळ रंग लिहिलेला दाखला मिळतो. जग्वारचाही असाच दाखला मिळतो. लाखोंचा व्यवहार असेल तर तो मागवल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपल्याकडे रोज येतात त्या मात्र फियाट आणि पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातल्या. त्यांच्यासाठी आरसी पुस्तक पाहावे, त्यात रंगाचा रकाना असतो. पण पुस्तक डुप्लिकेट असेल तर त्यात त्या दिवसाचा रंग लिहिलेला असू शकतो, म्हणून शक्य तितकी जुनी नोंद काढावी. आणि मुंबईची पद्मिनी असेल तर पुठ्ठ्यामागे काळा-पिवळा जरूर शोधावा. या टॅक्सींचा मुंबईतला शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ होता. त्यानंतर ‘खासगी, एका हाताची’ म्हणून विकायला येणाऱ्या गाड्यांत टॅक्सी किती, हे पुठ्ठा काढल्याशिवाय कळायचे नाही. उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा विनोद आपण सगळेच सांगतो. निदान गाडीच्या बाबतीत तो आपल्यावर उलटू नये.

आता जुन्या गाडीचा सरकारी भावही मूळपणावर चालतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे.

तर सगळे थर मोजून झाल्यावर भाचा गप्प बसला. रंग बदलणे हा गुन्हा नाही. साठ-सत्तर वर्षांत मालक बदलतात, हौस बदलते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. तिथे प्रश्न ओल असण्याचा नव्हता, ती खाली दडवल्याचा होता. ऐब सांगून विकलेला माल हलाल आहे. शरीयतमध्ये दडवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे, आणि बिलावर आपली सही असेल तर तो खरेदीदार दलालाला नव्हे, आपल्याला शोधत येईल.

भाच्याने दलालाला सांगितले, काम करतो, पण बिलावर खरे लिहीन. दलाल हसला. “शेठ, रंगाऱ्याचे काम रंग मारणे, फतवा देणे नव्हे.” दुसऱ्या दिवशी गाडी टो करून नेली. मीटर काढण्या-बसवण्याची आणि दोन दिवसांची मजुरी अजून यायची आहे, आणि त्याच माणसाकडून येणाऱ्या आणखी दोन गाड्याही आल्या नाहीत. कंप्रेसरचे दोन हप्ते आम्ही भरले, ते भाच्याने रमजानच्या आधी फेडले.

आता त्याने बिलबुकावरच मजकूर छापून घेतला आहे. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी जसाच्या तसा घ्यावा : ‘वाहन क्रमांक अमुक. बाहेरील सध्याचा रंग अमुक. अमुक ठिकाणी पाहिले असता पत्र्यालगतचा रंग अमुक आढळला. पाटीवरील अथवा नोंदणी पुस्तकातील रंग अमुक. आम्ही या तारखेस अमुक भागावर रंगकाम केले आहे. मूळ रंगाची हमी आम्ही देत नाही.’ खाली दोघांच्या सह्या, आणि घासलेल्या जागेचा उन्हात काढलेला फोटो बिलाला टाचून.