न आलेल्याची चौकशी

जुन्या सांगवीत मुळेच्या काठाजवळ माझे घर आहे. एका महाविद्यालयाच्या कचेरीत तीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो. अर्ज, दाखले, शुल्कमाफीच्या याद्या आणि मुदतवाढीचे हुकूम यांतच आयुष्य गेल्यामुळे निराधार विद्यार्थ्याला काय हवे असते हे आपण पुरते जाणतो, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी २०१८ साली एका मुलाचे एक वर्ष वाया गेले.

तो मराठवाड्यातील एका बालगृहात वाढला होता. अठरावे वर्ष पूर्ण होताच तेथील पटावरून त्याचे नाव कमी झाले, आणि पत्र्याची एक पेटी, बारावीची गुणपत्रिका व एका शिक्षकांनी माझ्या नावे दिलेली चिठ्ठी घेऊन तो पुण्यास आला. मी त्याला प्रवेश मिळवून दिला, वर्षाचे शुल्क भरले, वसतिगृहाच्या अर्जावर 'स्थानिक पालक' म्हणून सही केली आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात घरी परतलो. दिवाळीच्या चार दिवस आधी तो औंधच्या बसथांब्यावर दिसला. बहिणीकडे कऱ्हाडला जाण्याच्या गडबडीत असलेल्या मी, सर्वांना विचारतो तेच त्यालाही विचारले, "काय रे, घरी कधी निघालास?" पायाशी ठेवलेली पेटी त्याने जरा मागे सरकवली आणि तो म्हणाला, "उद्या निघतो, काका." ती पेटी मी पाहिली, परंतु ती घेऊन हा मुलगा थांब्यावर का उभा आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

सुट्टीपुरते वसतिगृह रिकामे करण्याची नोटीस त्याच सकाळी अमलात आली होती. दोन रात्री दापोडी स्थानकाच्या फलाटावर काढून तिसऱ्या दिवशी तो एका ठेकेदाराच्या गाडीतून चाकणला गेला. तेथे माल बांधण्याचे काम होते आणि कामाबरोबर निजायला जागा होती. दहा जणांत एक खोली. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच अंथरुणावर अंग टाकीत. सुट्टी संपली, वसतिगृह उघडले. पण उन्हाळ्यात पुन्हा तीच नोटीस लागणार हे कळून चुकलेल्या त्या मुलाला हातची जागा सोडण्याचा धीर झाला नाही. हजेरी बुडाली, परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळली, आणि हे सारे मला फेब्रुवारीत कळले, तेही एका जुन्या सहकाऱ्याने हजेरीपटातील त्याच्या नावापुढची लाल रेघ दाखवली तेव्हा. चाकणला जाऊन मी त्याच्यावर रागावलो; मला का कळवले नाहीस, असे विचारले. मान खाली घालून तो म्हणाला, "तुम्ही 'घरी कधी निघालास' म्हणालात. मग काय सांगू?"

त्या रात्री मला वडिलांची आठवण झाली. ते वार लावून शिकले होते. सात दिवस सात घरी जेवत. त्या पद्धतीत मिंधेपणा होता, पंक्तिभेद होता, आणि कित्येक जातींच्या मुलांना त्या घरांची दारे बंदच होती. पण तिच्यात एक गोष्ट मोलाची होती : मंगळवारी मुलगा जेवायला आला नाही तर मंगळवारच्या घरात त्याची चौकशी होई. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभारले, १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समितीचा प्रारंभ केला. अशा कार्यातून मिंधेपणा वगळून ती चौकशी तेवढी पुढे चालली. माझा मुलगा तीन महिने नाहीसा होता, आणि त्याची चौकशी करणारे एकही घर नव्हते.

म्हणून ज्यांना असा विद्यार्थी सांभाळावयाचा आहे त्यांना माझे सांगणे आहे की, शुल्काची पावती होण्यापूर्वी सुट्ट्यांची यादी मागून घ्या आणि दिवाळी, उन्हाळा व परीक्षेनंतरचे आठवडे यांतील प्रत्येक रात्री तो कोठे निजेल हे ठरवा. एखादी खोली सुट्टीतही उघडी ठेवावी अशी लेखी विनंती वसतिगृहप्रमुखांकडे आधीच करा, आणि ती नामंजूर झाल्यास आपल्या घराची एक किल्ली त्याच्या हाती द्या.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. बालगृह सोडण्यापूर्वीच बालकल्याण समितीचे आदेश, शाळा सोडल्याचा दाखला व आधारपत्र हाती घ्यावे, आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज करावा. मागाहून जुने दप्तर शोधण्यात महिने जातात. अमृता करवंदे या अनाथाश्रमात वाढलेल्या तरुणीने स्पर्धा परीक्षेतील स्वतःच्या अनुभवावरून अनाथांचा प्रश्न शासनापुढे नेला, आणि एप्रिल २०१८ मध्ये शिक्षण व शासकीय नोकरीत अनाथांसाठी १ टक्का समांतर आरक्षणाचा शासननिर्णय निघाला. माझ्या मुलाला त्याचा आधार मिळू शकला असता. प्रमाणपत्र काढण्याचे मी मनावर घेतले नव्हते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील ४६ वे कलम अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्यांना आर्थिक साहाय्याची तरतूद करते, आणि मिशन वात्सल्य योजनेखाली या अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तजवीज आहे. साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादाने तेविसाव्यापर्यंत. नातलगांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात बालसंगोपन योजनेवर वाढलेल्यांचे अनुदानही अठराव्या वर्षी थांबते, हे त्यांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

कमाईची निकड त्याला असतेच, आणि चाकण-भोसरीचा पट्टा त्याला तत्काळ सामावून घेतो. परंतु बारा तासांच्या पाळीबरोबर अभ्यास होत नाही. आपल्या विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना तासांचा हिशेब विद्यार्थ्याच्या बाजूने मांडते. त्या दारी त्याला स्वतः घेऊन जा.

सर्वांत महत्त्वाचे, आठवड्यातला एक वार नेमा आणि त्या दिवशी त्याचे पान मांडा. कृतज्ञतेची अपेक्षा ठेवू नका, चारचौघांत त्याची कहाणी सांगू नका, आणि तो आला नाही तर त्याच संध्याकाळी शोधायला निघा.

जून २०१९ मध्ये त्याने पुन्हा प्रवेश घेतला आणि गुरुवार हा त्याचा वार ठरला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे वसतिगृहे घाईघाईने रिकामी होऊ लागली, तेव्हा मी त्याला फोन करण्यासाठी नंबर शोधीत असतानाच दाराच्या कुलपात किल्ली फिरली. पेटी कोपऱ्यात ठेवून त्याने हातपाय धुतले आणि आज भाजी कसली आहे, एवढेच विचारले. त्या दिवशी गुरुवार नव्हता.