ऋतूंबरोबर हस्तकला : मुलांचे हात आणि आपला वारसा

सुटीत मुले घरी आली की त्यांच्या हाती काय द्यावे, असे अनेक पालक विचारतात. बहुतेकांचा कल आणखी एका शिकवणीकडे असतो. माती, बांबूच्या कामट्या, रंगीत कागद यांकडे मात्र आपल्या समाजात काहीशा संशयाने पाहिले जाते. या संशयालाही इतिहास आहे.

मी दुसरीत असताना पोळ्याच्या सुमारास नाल्याकाठच्या मातीचे बैल केले होते. ते पाहून वडील म्हणाले, "मातीत हात घालायला तुला शाळेत नाही घातलं." माझे आजोबा विदर्भातल्या आमच्या खेड्यात जाडेभरडे कापड विणत. गाव ते कापड घेई, विणणाऱ्याचा स्पर्श मात्र नाकारी. पुढे गिरणीच्या कापडापुढे मागही बंद पडला. वडिलांचा राग मातीवर नव्हता. माणसाला जन्माने कामाशी बांधणाऱ्या व्यवस्थेवर होता, हे मला फार उशिरा उमगले. बैल मात्र मी पुन्हा केले नाहीत.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. दोष हाताच्या कामात नाही. ते लादण्यात आहे. बौद्ध लेणी व स्तूपही हेच सांगतात. सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेख तेथेच कोरलेला आहे. जुन्नरच्या एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाची ठेव सोपविल्याची नोंद आहे. ज्यांच्या हाती बांबू, त्यांच्याच हाती समाजाचा विश्वास होता. हा वारसा मुलांना चार ते नऊ या वयात हातांनीच कळतो.

वर्षावास : आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा

भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहत. अजिंठ्यासारखे विहार अशाच निवासासाठी उपयोगी पडत. तेथील चित्रांखाली माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आहे. घरी दोन जुनी कौले घ्यावीत. एकावर नुसती चिकणमाती, दुसऱ्यावर तूस मिसळलेली माती लिंपावी. वाळल्यावर पहिली तडकते, दुसरी बरीचशी टिकते. कारण आपण सांगू नये. मुलांना शोधू द्यावे. टिकलेल्या गिलाव्यावर गेरू, पिवळी माती व काजळी यांनी मनाजोगते चित्र काढू द्यावे.

याच दिवसांत पिंपळाची पाने झाकणाच्या भांड्यात तीन-चार आठवडे भिजत ठेवावीत. अधूनमधून पाणी बदलावे. पान मऊ झाले की जुन्या दातघाशीने हलके घासावे. गर निघून शिरांची जाळी उरते. ती वहीत दाबून वाळवावी. बोधिवृक्षाची गोष्ट सांगण्यास यासारखे दुसरे निमित्त नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिन

१९५६ मध्ये अशोक विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. या दिवसासाठी धम्मध्वजाची माळ करावी. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे उभे पट्टे आणि शेवटी पाचही रंगांचा सहावा पट्टा, हा क्रम मुलांनीच जुळवावा. चिकटविण्यास कणकेची खळ पुरते. हा ध्वज १८८५ मध्ये श्रीलंकेत प्रथम उभारला गेला व १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला, हेही ओघात सांगावे.

वैशाख पौर्णिमा

समान लांबीच्या बारा कामट्यांचा चौकोनी सांगाडा करून आकाशकंदील बनवावा. कामट्या मोठ्यांनी तासून गुळगुळीत कराव्यात. दोरा बांधणे थोरल्याचे, पतंगाचा कागद चिकटविणे धाकट्याचे काम. आत पणती नको, छोटा विजेचा दिवा पुरे. जुन्नरच्या बांबूकारांची गोष्ट इथे सांगावी.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. मुलाचे वाकडे काम आपण सरळ करून देऊ नये. आणि काम संपल्यावर केर मुलगा असो वा मुलगी, ज्याचा त्यानेच काढावा. दुसऱ्याच्या जन्मावर आपला केर टाकणाऱ्या समाजाविरुद्धचा हा पहिला पाठ आहे.

गेल्या वर्षावासात माझी नात अंगणात कौल लिंपत बसली होती. ऐंशी ओलांडलेले माझे वडील बराच वेळ पाहत होते. मग खाली बसले, मातीला हात लावला आणि म्हणाले, "तूस कमी पडला, पोरी. आण आणखी."

आपल्या मुलांच्या हाती लेखणी राहिलीच पाहिजे. ती मोठ्या संघर्षाने मिळाली आहे. पण त्याच हातांना माती आता कोणी लादणार नाही. ती त्यांनी आपणहून घेऊ द्यावी.

जय भीम!