बिया दिसतात, ग्रंथी दिसत नाही

प्रश्न : वडिलांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर किरणोत्सर्गी बिया बसवल्या. त्या वेळी डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघतच होते. मग महिन्याभराने पुन्हा सीटी आणि एमआरआय, दोन्ही कशाला? — एक वाचक, मल्लेश्वरम, बंगळूरु

उत्तर : शंका रास्त आहे, पण हा खर्च वायफळ नाही.

अशी एक बी म्हणजे टायटॅनियमची बंद नळी, जेमतेम साडेचार मिलिमीटर लांब. आत बहुतेक वेळा आयोडीन-१२५. (आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने डोळ्याच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी अशा बिया बनवल्या आहेत.) बीचे किरण लांबवर पोचत नाहीत. म्हणून मूत्राशय नि गुदाशय बचावतात, आणि म्हणूनच बी जरा सरकली तर गाठीचा एखादा कोपरा उपचाराविना राहू शकतो. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात पोट उघडून, हाताच्या अंदाजाने बिया पेरत. वाटणी असमान होई आणि रोग उलटे. १९८३ साली डेन्मार्कच्या होल्म यांनी गुदाशयातल्या सोनोग्राफीच्या आधाराने सुया घालण्याची पद्धत मांडली, तेव्हा या उपचाराला पुन्हा दिवस आले.

पण सोनोग्राफीला प्रोस्टेट ग्रंथीची कड नीट दिसते, बिया नाहीत. अनेक बिया आत गेल्यावर त्या एकमेकींच्या सावलीत हरवतात, कॅल्शियमचा कणही बीसारखा भासतो. साध्या एक्स-रेत बिया मोजता येतात, ग्रंथीचा पत्ता नसतो. सीटीत बी न् बी लख्ख, पण ग्रंथीची कड आजूबाजूच्या स्नायूंत मिसळून जाते. ती आखताना डॉक्टर-डॉक्टरांतही फरक पडतो. एमआरआयचं नेमकं उलट. ग्रंथी स्वच्छ, बिया मात्र नुसते काळे ठिपके. म्हणून दोन्ही चित्रं संगणकावर एकावर एक बसवतात. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, तेव्हा एमआरआयने बिया हलतील ही भीती नको. पेसमेकर असेल तर तेवढं आधी सांगा.

महिना थांबायचं कारण सूज. सुयांनी ग्रंथी फुगते, बिया एकमेकींपासून दूर जातात आणि लगेच केलेल्या तपासणीत किरणांची मात्रा खऱ्याहून कमी दिसते. उशीर झाला असंही नाही. आयोडीन-१२५चा अर्धायुकाल सुमारे ६० दिवसांचा, म्हणजे महिन्याअखेर दोन-तृतीयांशाहून जास्त मात्रा यायचीच असते. कुठे मोठी फट आढळली तर नव्या बिया किंवा बाहेरून किरणोपचार, असा विचार करता येतो. क्वचित एखादी बी रक्तावाटे फुप्फुसात जाते. ती छातीच्या एक्स-रेत सापडते आणि सहसा त्रास देत नाही.

भारतात बियांपेक्षा इरिडियम-१९२चा तात्पुरता उपचार जास्त चालतो. त्यात सुया आत असतानाच चित्र काढून मात्रा आखतात, तपासणी आधी नि किरण नंतर. हा मोठा फायदा आहे. वडिलांच्या बिया कायमच्या असल्याने त्यांना तो मिळणार नाही.

अहवालात ‘डी-९०’ हा आकडा शोधा. ग्रंथीच्या ९० टक्के भागाला किमान किती मात्रा मिळाली, ते तो सांगतो. केवळ आयोडीनच्या बियांचा उपचार असेल तर ठरवलेली मात्रा सहसा १४५ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) असते, आणि १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर स्टॉक व स्टोन यांना १४० ग्रेच्या वर रोग आटोक्यात राहण्याचं प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळलं. तो आकडा अहवालात नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा.