गाण्याचे यंत्र : वापर, बिघाड आणि मी शिकलेला धडा



मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगूनच हा पाठ सुरू करते, कारण हा पाठ त्या चुकीतूनच निघाला आहे.

शनिशिंगणापूरला माझे घर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून जवळच्या भिल्ल वस्तीवर माझे जाणे-येणे असते. वस्तीवर पाच-सहा घरांत खिशात मावतील अशी गाण्याची यंत्रे आहेत. कोणी त्यांना एमपीथ्री म्हणते, कोणी नुसते मशीन. ती बिघडली की माझ्याकडे येतात. मी काही कारागीर नाही; करून करून थोडे कळू लागले एवढेच.

एक दिवस वस्तीवरची एक सून यंत्र घेऊन आली. "बाई, हे बोलतच नाही." मी कार्ड काढून संगणकाला लावले. कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचे का, असे संगणकाने विचारले. मी 'हो' दाबले. कार्ड साफ झाले. त्यात चाळीस नवी गाणी भरली, यंत्र वाजवून दाखवले आणि काम झाले असे समजून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती परत दारात. "बाई, गाणी लागतात. पण सासूबाई कुठं गेल्या?"

तिच्या सासूबाई उन्हाळ्यात वारल्या होत्या. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या बोलीतली लग्नाची गाणी त्याच यंत्रात म्हणून ठेवली होती. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी यंत्राची ओळख करून घेऊ. वस्तीवर अशी यंत्रे हाताळणाऱ्यांना आणि पाठवणाऱ्यांना ही माहिती उपयोगी पडेल.

ऐकण्याचे महत्त्व

२०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या एक कोटी चार लाखांहून अधिक होती. एवढी माणसे जी भाषा बोलतात, तिच्यात छापलेले साहित्य मात्र फार थोडे. गाणी, कथा, औषधी झाडपाल्याची माहिती हे सारे तोंडातून कानात आणि कानातून तोंडात चालत आले आहे. ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आवाज हेच पुस्तक.

हे ओळखून जॉय रिडरहॉफ या बाईंनी १९३९ साली अमेरिकेत 'गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज' हे काम सुरू केले आणि लहान लहान भाषांतले आवाज तबकड्यांवर घेतले. वीज नसलेल्या गावांसाठी पुढे पुठ्ठ्याचे, हाताने फिरवायचे यंत्रही निघाले. आज तेच काम बोटाएवढे यंत्र करते.

यंत्रात काय असते

चार गोष्टी : बॅटरी, गाणी साठवणारे कार्ड, साठवलेले आकडे पुन्हा आवाजात बदलणारी चिप आणि स्पीकर किंवा इअरफोन. आवाज लहान जागेत बसवण्याच्या पद्धतीला 'एमपीथ्री' हे नाव १९९५ साली मिळाले; खिशातली यंत्रे १९९८ पासून बाजारात आली.

जागेचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएस या नेहमीच्या दर्जाचे गाणे मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेते. म्हणजे ४ जीबीच्या कार्डात सुमारे ६९ तास गाणी मावतात. नुसते बोलणे असेल तर ६४ केबीपीएसही पुरते. मग तेवढ्याच जागेत दुप्पट वेळ बसतो. म्हणून "जागा नाही, जुने पुसा" असे म्हणण्याची वेळ सहसा येत नाही.

गाणी भरताना

१. व्हॉट्सॲपवर आलेले आवाज जसेच्या तसे भरू नका. ते बहुधा 'ओपस' प्रकारचे असतात. साधे यंत्र ते ओलांडून पुढे जाते आणि आपल्याला वाटते गाणे गेले. संगणकावर ते एमपीथ्रीत बदलून घ्या. फाईलच्या नावामागे 'एमपीथ्री' लिहिल्याने फाईल बदलत नाही. पोत्यावर गहू लिहिले म्हणून बाजरीचा गहू होत नाही.

२. क्रम. पुष्कळ स्वस्त यंत्रे नावाच्या क्रमाने नव्हे, तर ज्या क्रमाने फाईल कार्डात गेली त्या क्रमाने वाजवतात. कथेचा तिसरा भाग आधी लागला तर ऐकणारा गोंधळतो. नावापुढे ०१, ०२, ०३ असे आकडे घाला आणि फाईल त्याच क्रमाने एकेक करून भरा. नुसते १, २, ३ लिहिले तर काही यंत्रे १ नंतर थेट १० वर जातात.

३. नावे. साध्या यंत्राला देवनागरी अक्षरे दाखवता येत नाहीत. पडद्यावर चौकोन उमटतात. अशा वेळी नावाऐवजी आकडे ठेवा आणि कोणत्या आकड्यावर काय आहे ते कागदावर लिहून द्या.

४. कार्ड. जुनी यंत्रे साधारण ३२ जीबीपर्यंतचीच कार्डे वाचतात. त्याहून मोठे कार्ड वेगळ्या पद्धतीने मांडलेले असते. मोठे आणि महाग कार्ड म्हणजे चांगले, असे समजू नका.

५. काढताना. संगणकावरून कार्ड किंवा केबल ओढून काढू नका. आधी 'सुरक्षित काढा' ही सूचना द्या. लिहिणे अर्धवट राहिले की कार्डातली यादी बिघडते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचे मूळ हेच असते.

६. हक्क. १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षे हक्क असतो. नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले, त्यांचे शब्द आता सर्वांचे आहेत. पण आजच्या गायकाने म्हटलेली त्यांची गीते त्या मुद्रणाच्या मालकाची आहेत. उत्तम मार्ग म्हणजे आपल्याच मंडळीने, वस्तीनेच गावे आणि आपण भरावे. वस्तीचे गाणे घेतानाही गाणाऱ्याची परवानगी घ्यावी.

बिघाड शोधताना

नियम एकच : सोप्यापासून सुरुवात करा.

बटणे चालत नाहीत : बाजूला 'होल्ड' नावाची छोटी कळ असते का पाहा. ती सरकलेली असेल तर सगळी बटणे बंद होतात. आमच्या शिंगणापूरच्या घरांना दारे-कुलपे नसण्याची ख्याती आहे. २०११ साली युको बँकेनेही इथे बिनकुलुपाची शाखा उघडली. पण यंत्राला मात्र कुलूप असते, आणि ते नकळत लागते. मी एकदा तासभर यंत्र खोलून बसले होते. शेवटी पाहिले तर होल्ड!

सुरूच होत नाही : दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून अर्धा तास थांबा. पूर्ण रिकाम्या झालेल्या बॅटरीला जागे व्हायला वेळ लागतो. तरीही नाही, तर मागे बारीक भोक आहे का पाहा. त्यात बोथट टाचणीने हलकेच दाबले की यंत्र नव्याने सुरू होते. आतली गाणी जात नाहीत.

आवाज नाही : इअरफोनच्या भोकात खिशातला कचरा अडकला की यंत्राला वाटते इअरफोन लावलेला आहे, आणि स्पीकर गप्प बसतो. इअरफोनची पिन दोन-तीनदा आत-बाहेर करा. मग यंत्र बंद करून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. पाणी, तेल, टाचणी नको.

एकच गाणे पुन्हा पुन्हा : हा बिघाड नाही. 'रिपीट' सुरू झाले आहे. बटण दाबून बदला.

गाणे अडखळते : तीच फाईल दुसऱ्या यंत्रावर वाजवा. तिथेही अडखळली तर फाईल खराब. तिथे नीट वाजली तर कार्ड किंवा कार्डाचे टोक. सोनेरी पट्ट्या कोरड्या कापडाने पुसून पुन्हा लावा.

लवकर बंद पडते : बॅटरी म्हातारी झाली. पुष्कळ यंत्रांत जुन्या मोबाईलची बीएल-५सी बॅटरी चालते आणि ती तालुक्याच्या गावी सहज मिळते. बॅटरी फुगलेली दिसली तर ती टोचू नका, दाबू नका, चुलीत टाकू नका आणि पुन्हा चार्जही करू नका. लेकरांपासून दूर ठेवून दुकानात जमा करा.

भिजले : लगेच बंद करा, बॅटरी व कार्ड काढा आणि सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. वाळले की नाही हे पाहण्यासाठी मध्येच सुरू करून बघण्याचा मोह टाळा. यंत्र त्यानेच मरते.

जपणूक

लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. सौर पत्र्यावर चार्ज करताना पत्रा उन्हात आणि यंत्र सावलीत असावे. केबल लांब घ्या. ऊसतोडीला जाताना यंत्र चार-सहा महिने घरीच राहणार असेल, तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर परतल्यावर ती उठत नाही. उसाच्या पट्ट्यात धूळ फार; जुन्या रुमालाची छोटी पिशवी शिवून दिली तरी यंत्राचे आयुष्य वाढते.

कानांचेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये; मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल आहे. मोजायचे यंत्र आपल्याकडे नसते. इअरफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून हाक मारा. त्याला ऐकू आली नाही तर आवाज कमी करा.

सासूबाई कुठे गेल्या?

आता माझ्या चुकीकडे. त्या सकाळी मी तिला काय सांगावे? "पुसले गेले" हा शब्द जिभेवर येईना. मी म्हटले, "यंत्र इथेच ठेव. आता ते लावायचे नाही."

नशिबाने हे वाक्य बरोबर निघाले. झटपट फॉरमॅट केल्याने आवाज पुसला जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, पण पाने तशीच राहिली, असे ते असते. त्या पानांवर नवे काही लिहिले गेले तरच जुने खरोखर जाते. माझी चाळीस गाणी कार्डाच्या सुरुवातीच्या जागेत बसली होती. सासूबाईंची गाणी नंतर भरलेली, म्हणजे पुढच्या पानांवर असण्याचा संभव होता. यंत्र त्यानंतर वाजवत राहिलो असतो, त्यात आणखी भरले असते, तर तीही गेली असती.

नगरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने 'फोटोरेक' नावाचा मोफत प्रोग्राम लावून दिला. नाव फोटोचे असले तरी तो आवाजाच्या फाईलही शोधतो. मिळालेले मात्र त्याच कार्डावर नव्हे, संगणकावर उतरवायचे असते. अकरा गाण्यांपैकी नऊ सापडली. एक अर्ध्यावर तुटलेले होते. दोन मिळालीच नाहीत, आणि त्यांचा दोष माझ्याकडे राहिला.

सापडलेल्या फाईलना नावे नव्हती, नुसते आकडे. म्हणून ती सून माझ्याजवळ बसली. एकेक गाणे लावायचे, तिने ऐकायचे आणि सांगायचे : हे हळदीचे, हे मांडवाचे, हे पोरीला वाटे लावायचे. मी वहीत लिहीत गेले. एका गाण्यात मध्येच खोकला होता. मी म्हटले, संगणकावर हा कापून टाकता येतो. ती म्हणाली, "नको बाई. त्या अशाच खोकायच्या. राहू द्या."

त्या दिवशी आम्ही तीन प्रती केल्या : एक तिच्या यंत्रात, एक माझ्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, जो तिच्या भावाच्या घरी दुसऱ्या गावात ठेवला. जे एकमेव आहे त्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या वस्तूंवर, आणि एक दुसऱ्या घरी, हा जाणकारांचा नियम आहे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो आता लिहिलेला आहे.

त्याच्याच खाली मी आणखी एक प्रश्न लिहिला आहे. कोणतेही यंत्र हातात आले की कळ दाबण्याआधी मी तो मालकाला विचारते, आणि तुम्हीही विचारावा : "यात असं काय आहे, जे दुसरीकडे कुठंच नाही?"

घरातले जुने यंत्र कोणाला देणार असाल, तर आधी ते स्वतः वाजवून पाहा, चालणारी केबल सोबत द्या आणि आतले आपले आवाज उतरवून घ्या. तुमच्याही घरातली एखादी आजी त्यात असेल.