आमरीच्या संवर्धनात पतंगांचे स्थान

सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे जांभ्यावरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्यात हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा ही पांढऱ्या फुलांची भूआमरी फुलते. फुलामागील लांब, अरुंद नळीच्या तळाशी मकरंद असतो. अशा फुलांचे परागीभवन लांब सोंडेचे निशाचर हॉक मॉथ पतंग करतात. रताळ्याची पाने खाणारी शेपटीवर शिंग असलेली अळी याच कुळातील पतंगाची होय. आमरीच्या सूक्ष्म बियांत अन्नसाठा नसतो. त्या मातीतील विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजतात. म्हणून कंद उपटून कुंडीत लावणे हे संवर्धन नव्हे. पठारालगतच्या शेतांत अळ्या थोड्या असल्यास हाताने वेचाव्यात, फवारणी टाळावी. पतंग टिकले तरच आमरीला बी धरेल.