ताटातलं काय गेलं?

२०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीने तास मिळतो, शब्द तोंडात बसवायला खेळच लागतात. हिंदी, गुजराती, तमिळ घरांतल्या मुलांना शिकवताना माझ्या हाती लागलं ते असं.

१. खेळ जुना घ्या, शब्द नवे. नाव-गाव-फळ-फूल, कानगोष्टी, दमशेराज मुलांना येतच असतात. नियम समजावण्यात वेळ घालवला की घंटा वाजलीच.

२. माझा हुकमी खेळ ताटाचा. किपलिंगच्या ‘किम’ (१९०१) कादंबरीत तो आहे. तिथे रत्नं, माझ्याकडे स्वयंपाकघर. ताटात चमचा, सुई, कुलूप, कंगवा, वाटी, लिंबू ठेवायचं. मिनिटभर बघू द्यायचं, वर रुमाल टाकून एक वस्तू गुपचूप काढायची. “काय गेलं?” नुसतं ‘कुलूप’ चालणार नाही. चमचा गेला, सुई गेली, कुलूप गेलं. लिंगाचा तक्ता न घोकता लिंग जिभेवर येतं. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ती मुलं हटकून “कुलूप गेला” म्हणतात. गुजरातीत ते आहे, त्यामुळे शेजारची गुजराती पोरगी तिथल्या तिथे सुधारते. मी मध्ये पडत नाही.

३. शब्दांच्या भेंड्या. मराठीत ‘ळ’ने सुरू होणारा शब्द नाही. हे कळलं की पोरं समोरच्या गटाची कोंडी करायला डाळ, माळ, नारळ, आभाळ, सकाळ कुठून कुठून हुडकून आणतात. अडलेल्या गटाने ‘ल’ घ्यावा, पण आधी तो शब्द नीट म्हणून दाखवावा. ‘डाल’ म्हटलं तर गुण नाही. तमिळ घरातल्यांना ‘ळ’ आयताच येतो; त्यांना दोन्ही गटांत वाटून टाका.

४. कुणाला बाद करू नका. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये सगळ्यात आधी बाद होतो तो कच्चा, म्हणजे ज्याला सराव हवा तोच भिंतीला टेकून बसतो. माझ्या वर्गात चुकलेल्याने पुढे येऊन हुकूम सोडायचे: कान धरा, गुडघे टेका, डोळे मिटा.

५. एका तासाला आठ-दहा शब्द पुरे, त्यातले निम्मे मागच्या आठवड्याचे.

६. चॉकलेट नको. चॉकलेट आलं की भांडण हिंदीत होतं. भांडण मराठीत हवं असेल तर “माझी पाळी”, “तू चोरून बघितलंस”, “आमचा एक गुण राहिला” ही वाक्यं खेळाआधी फळ्यावर लिहा.