हँडिकॅप 24, आणि मागचा गट खोळंबलेला

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरचे एक वाचक पुण्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर खेळतात. त्यांचा कोर्स हँडिकॅप 24. त्यांच्यामुळे मागचा गट अडतो, तर त्यांनी स्पर्धेत उतरावे का?

उत्तर : जरूर उतरावे. हँडिकॅप असतो तो अशाच खेळाडूंना बरोबरीने लढता यावे म्हणून.

स्पर्धा स्टेबलफर्ड पद्धतीची, म्हणजे होलगणिक गुण देणारी, असेल तर उत्तमच. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ती 1932 मध्ये इंग्लंडच्या वॉलसी क्लबात रुळवली. 24 हँडिकॅपवाल्याला सहा अवघड होलवर प्रत्येकी दोन फटक्यांची सूट मिळते. तिथे पार 4 असेल तर सात फटक्यांतही चेंडू होलमध्ये न गेल्यास गुण शून्यच. मग चेंडू उचलावा आणि पुढे निघावे. यात कमीपणा कसला? हँडिकॅपही बिघडत नाही : 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत तो शेवटच्या 20 पैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांवरून ठरतो, आणि प्रत्येक होलच्या फटक्यांना नेट डबल बोगीची (पार अधिक दोन, अधिक मिळालेली सूट) मर्यादा असते.

वेळ खरा जातो तो दोन फटक्यांच्या मधे. 2019 च्या नियमांनुसार चेंडू शोधायला 3 मिनिटेच मिळतात, आणि फटका 40 सेकंदांत मारण्याची शिफारस आहे. पावसाळी गवतात चेंडू हरवल्याची शंका येताच, तसे सांगून प्रोव्हिजनल चेंडू मारावा. स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्याने आधी खेळावे. नियमांची त्याला मुभा आहे.